'कृष्णनीती'चे खोटे नाणे

डिसेंबर महिना उजाडला की एक संदेश भ्रमणध्वनीवरून हमखास फिरू लागतो. 'ख्रिश्चॅनिटी' हा शब्द मूळचा 'कृष्णनीती', 'ख्रिस्त' म्हणजे 'कृष्ण' आणि 'ख्रिसमस' म्हणजे 'कृष्णमास', असा त्याचा मथितार्थ असतो. भ्रमणध्वनी नव्हते तेव्हा हेच सारे पुस्तिकांतून आणि व्याख्यानांतून ऐकू येत असे. सोलापूरच्या नवी पेठेतही हा संदेश दरसाल पोहोचतो. दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या बसल्या तो वाचला जातो, माना डोलावल्या जातात आणि पुढच्या दहाजणांकडे तो रवाना होतो. पाठविणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आपला धर्म प्राचीन आहे, जगाला त्याने पुष्कळ काही दिले आहे, हा अभिमान त्यामागे असतो. पण नाणे कोणत्या हेतूने दिले यावर त्याचा खरेपणा ठरत नाही. ते वाजवूनच पाहावे लागते. 'कृष्णनीती'चे हे नाणे वाजवून पाहिले असता ते बद्द वाजते, आणि त्याचा तोटा ख्रिस्ती समाजाला नव्हे, तर हिंदू समाजालाच सोसावा लागतो.

या मताचा आपल्याकडील सर्वांत मोठा पुरस्कार पु. ना. ओक यांनी केला. ओक हे आझाद हिंद सेनेच्या चळवळीत वावरलेले, भारतीय इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी १९६४ साली संस्था काढणारे, २००७ साली निवर्तलेले गृहस्थ. परकीयांनी लिहिलेला इतिहास तपासून घेतला पाहिजे, ही त्यांची मूळ भूमिका कोणीही नाकारणार नाही. तथापि तपासण्याची जी पद्धत त्यांनी वापरली ती केवळ नादसाम्याची होती. 'व्हॅटिकन' म्हणजे 'वाटिका', 'अब्राहम' म्हणजे 'ब्रह्मा', 'जेरुसलेम' म्हणजे 'यदु-ईशालयम्' अशी त्यांची यादी आहे. वस्तुत: 'व्हॅटिकन' हे रोममधील एका टेकडीचे नाव येशूच्या जन्माआधीपासूनचे, आणि जेरुसलेमचा उल्लेख 'उरुसलिम' या रूपात इजिप्तमध्ये सापडलेल्या इ.स.पू. चौदाव्या शतकातील मृत्तिकालेखांत आहे. या यादीतच 'कृष्णनीती' बसते.

चार भाषांची साक्ष

हा वाद तपासायला नवी पेठेइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. या पेठेत खरेदीला येणारे गिऱ्हाईक एका भाषेचे नसते. शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकर घरी तेलुगू बोलतो, अक्कलकोट-इंडीकडून आलेला शेतकरी कन्नड बोलतो, मुसलमान कारागिराच्या तोंडी दखनी असते आणि व्यवहाराची मराठी सर्वांनाच येते. अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात आपले केंद्र काढले, तेव्हापासून येथे ख्रिस्ती वस्तीही आहे. या एकाच समाजाला पेठेत चार नावांनी ओळखले जाते. मराठी माणूस 'ख्रिस्ती' म्हणतो, तेलुगू भाषक 'क्रैस्तव' म्हणतो, कन्नड भाषक 'क्रैस्त' म्हणतो आणि दखनी बोलणारा 'ईसाई' म्हणतो. या चारही शब्दांना साक्षीला बोलावले तर काय दिसते?

'ईसाई' हा शब्द 'ईसा' या येशूच्या अरबी नावावरून आला. मराठी माणूस रोज तारीख लिहिताना 'इसवी सन' लिहितो, त्यातील 'इसवी'ही तेथूनच आली. या शब्दात कृष्णाचा 'क'देखील नाही. धर्माचे मूळ नाव जर कृष्णावरून पडले असते, तर पश्चिम आशियात, त्या धर्माच्या जन्मभूमीशेजारीच, ते असे समूळ कसे पुसले गेले?

'क्रैस्तव' या शब्दाची साक्ष त्याहूनही मोलाची आहे, कारण तो शब्द संस्कृत व्याकरणाच्या नियमाने घडविलेला आहे. 'विष्णु'पासून 'वैष्णव' होते, 'मनु'पासून 'मानव' होते. पहिल्या स्वराची वृद्धी आणि शेवटच्या 'उ'चा 'अव', हा तद्धिताचा नियम शाळेत संस्कृत शिकलेल्या मुलालाही ठाऊक असतो. त्याच नियमाने 'क्रिस्तु'पासून 'क्रैस्तव' झाले. हा शब्द 'कृष्णा'पासून निघाला असता तर त्याचे रूप 'कार्ष्ण' झाले असते. श्रीकृष्णाचा पुत्र प्रद्युम्न याला 'कार्ष्णि' म्हणतात ते याच नियमाने. शब्द घडविणाऱ्यांना 'क्रिस्तु' आणि 'कृष्ण' यांतील भेद स्पष्ट दिसत होता. जो भेद त्यांनी व्याकरणाच्या काटेकोरपणाने जपला, तो पुसून टाकण्यात कोणते संस्कृतप्रेम आहे?

कानाला मोह पडावा अशी परिस्थिती आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. तेलुगू घरांत 'किष्टय्या' हे नाव आढळते. इंग्रजांनी कृष्णा नदीला आपल्या कागदपत्रांत 'किस्तना' करून टाकले होते. बंगालमध्ये कृष्णाचा 'केष्टो' होतो. हे उच्चार 'ख्रिस्ता'च्या जवळ जातात खरे. पण हे सारे उच्चार अलीकडचे आणि एकेका प्रांतापुरते आहेत. वीस शतकांपूर्वी दूरच्या पॅलेस्टाइनमध्ये पडलेल्या नावाचा उगम त्यांत शोधणे म्हणजे नातवाच्या चेहऱ्यावरून आजोबाचा जन्मदाखला लिहिण्यासारखे आहे.

शब्दाचा खरा प्रवास

मग या शब्दाचा खरा अर्थ काय? ज्यू लोकांत राजाला आणि धर्मगुरूला पदावर बसविताना त्याच्या मस्तकावर तेल ओतण्याचा विधी होता. असे तेल ज्याला लावले तो 'माशीअह', म्हणजे अभिषिक्त. त्याचेच रूप 'मसीहा'. येशूच्या आधीच्या दोन-तीन शतकांत ज्यूंच्या धर्मग्रंथांचे ग्रीक भाषेत भाषांतर झाले, तेव्हा 'माशीअह'साठी भाषांतरकारांनी 'ख्रिस्तोस' हा ग्रीक शब्द योजला. 'ख्रिओ' या ग्रीक धातूचा अर्थ 'लेपणे, तेल लावणे'. त्यापासून 'ख्रिस्तोस', म्हणजे ज्याला तेल लावले आहे तो. म्हणजेच 'ख्रिस्त' हे विशेषनाम नव्हते; ती एक पदवी होती, आणि ती येशूच्या जन्माआधीच ग्रीक ग्रंथात लिहिली गेलेली होती.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे इराणचा सम्राट कोरेश, ज्याला इंग्रजीत सायरस म्हणतात. इ.स.पू. सहाव्या शतकात त्याने बाबिलोन जिंकले आणि तेथे बंदिवासात असलेल्या ज्यूंना मायदेशी परतण्याची मुभा दिली. त्या उपकाराची जाण ठेवून यशया या ग्रंथाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात त्याला परमेश्वराचा 'माशीअह' म्हटले आहे, आणि ग्रीक भाषांतरात तेथे 'ख्रिस्तोस' हाच शब्द आहे. इराणी सम्राटाला लावलेली ही पदवी! 'ख्रिस्तोस' म्हणजे 'कृष्ण' असे मानायचे, तर कोरेशालाही कृष्ण म्हणावे लागेल. येथेच हा वाद वस्तुत: संपतो.

संस्कृतातील 'कृष्ण' या शब्दाचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे: काळा, सावळा. ऋग्वेदात तो साधे विशेषण म्हणूनही येतो. एका शब्दाचा अर्थ 'सावळा', दुसऱ्याचा 'अभिषिक्त'. यास्काचार्यांनी निरुक्तात निर्वचनाचे नियम सांगताना अर्थाला अग्रस्थान दिले. एखाद्या अक्षराच्या साम्यावरूनही निर्वचन करण्याची मुभा ते देतात, पण अर्थाचे बोट धरूनच. अर्थ सोडून नादामागे धावण्याची परवानगी त्यांच्याकडे मिळत नाही.

'ख्रिस्तोस' आणि संस्कृत यांचे खरे नातेही आहे, पण ते वेगळ्याच ठिकाणी. ग्रीक शब्दातील 'तोस' हा प्रत्यय आणि संस्कृतातील 'त' हा प्रत्यय, ज्याला पाणिनी 'क्त' म्हणतो, हे एकाच मुळातून आलेले आहेत. 'कृत', 'दत्त', 'अभिषिक्त' यांतील शेवटचा 'त' तोच. ग्रीक आणि संस्कृत या भगिनीभाषा असल्याने हे नाते आहे. सत्य असे सूक्ष्म असते. ते शोधावे लागते, आणि सापडले म्हणजे नादसाम्याच्या आतषबाजीपेक्षा अधिक समाधान देते.

'नीती' कोठून आली?

आता 'ख्रिश्चॅनिटी'तील 'निटी'कडे वळू. या 'निटी'चे 'नीती' करताना शब्द चुकीच्या ठिकाणी तोडला गेला आहे. 'ख्रिश्चन' या शब्दाच्या शेवटी 'न' आहे, आणि त्याला 'इटी' हा प्रत्यय लागला आहे. लॅटिनमधील 'इतास' हा भाववाचक प्रत्यय फ्रेंचमार्गे इंग्रजीत येताना 'इटी' झाला. 'युनिव्हर्सिटी', 'मेजॉरिटी', 'क्वालिटी' या शब्दांत तोच आहे. 'ख्रिश्चॅनिटी'त नीती असेल तर 'कम्युनिटी'तही असली पाहिजे, आणि 'व्हॅनिटी' म्हणजे गर्व, त्यातही!

शिवाय इंग्रजी ही त्या धर्माची मूळ भाषा नव्हेच. अंत्युखिया, म्हणजे अँटिओक या सिरियातील शहरात येशूच्या अनुयायांना पहिल्यांदा 'ख्रिस्तियानोस' म्हटले गेले, असे 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात नमूद आहे. हे नाव बहुधा बाहेरच्यांनी ठेवले. सीझरच्या पक्षाचे ते 'सीझरियानी', हेरोदाच्या पक्षाचे ते 'हेरोदियानी', तसे ख्रिस्ताच्या पक्षाचे ते 'ख्रिस्तियानी'. अनुयायी स्वत:च्या संप्रदायाला प्रारंभी 'मार्ग' म्हणत, आपल्याकडील 'पंथ' या शब्दासारखे. संपूर्ण नव्या करारात 'ख्रिस्ती' हा शब्द अवघा तीन वेळा येतो. पुढे दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी अंत्युखियाच्या इग्नेशियस या धर्मगुरूच्या पत्रांत त्या धर्माला 'ख्रिस्तियानिस्मोस' म्हटलेले आढळते. त्या मूळ ग्रीक शब्दात 'नीती' कोठे आहे? पोर्तुगीजांच्या 'क्रिस्तियानिस्मो'त किंवा जर्मनांच्या 'ख्रिस्टेन्टूम'मध्ये ती कोठे आहे? इंग्रजांच्या एका शब्दापुरतीच ही नीती उगवते. इंग्रजीचे जोखड झुगारू पाहणाऱ्यांनी जगाचा इतिहास इंग्रजी उच्चारावरून ठरवावा, हा दैवदुर्विलासच म्हणायचा.

'ख्रिसमस'ची गत तीच. त्यातील 'मस' म्हणजे 'मास', पण तो महिना नव्हे. लॅटिन 'मिस्सा'पासून आलेला, प्रार्थनाविधी या अर्थाचा तो शब्द आहे. नाताळ हा एक दिवसाचा सण, त्याला महिना कसा म्हणावा, एवढा साधा प्रश्नही कोणाला पडू नये! आपला 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला, त्याचा अर्थ जन्म. 'पाद्री' आणि 'किरिस्ताव' हे शब्दही पोर्तुगीजांनीच कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर उतरविले. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात रचलेले मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. तेव्हापासूनच्या चारशे वर्षांत या शब्दाचा मराठीतील प्रवास छापील स्वरूपात उपलब्ध आहे. कल्पनेची भर घालण्याची तेथे गरजच नाही.

नादाने फसण्याची ही पहिली वेळ नव्हे. खुद्द रोमन लोकांनाच 'ख्रिस्तोस' हा शब्द नीट कळला नव्हता. 'ख्रेस्तोस' म्हणजे 'चांगला, उपयोगी' हे नाव त्यांच्या ओळखीचे, म्हणून ते येशूच्या अनुयायांना 'ख्रेस्तियानी' म्हणू लागले. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने त्यावरून त्यांची थट्टा केली आहे. रोमनांची ती चूक अजाणतेपणीची होती. आज पुस्तके हाताशी असताना केलेल्या चुकीला ती सवलत मिळू शकत नाही.

स्वदेशी म्हणावे तर उष्टे परक्याचे

'कृष्णनीती' मानणाऱ्यांचा एक ठरलेला युक्तिवाद असतो. पाश्चात्त्यांनी सांगितलेली व्युत्पत्ती आपण का मानायची? त्यांनी आपला इतिहास बिघडविला, आपण आपला लिहू. हा स्वाभिमान स्वागतार्ह आहे. पण 'ख्रिस्त म्हणजे कृष्ण' ही कल्पना भारतात जन्मलीच नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात व्होल्नी या चर्चविरोधी लेखकाने १७९१ साली ती मांडली. चर्चला खाली पाहायला लावण्यासाठी त्याला एक काठी हवी होती, ती त्याने कृष्णाच्या नावात शोधली. पुढे चंदननगरला न्यायाधीश राहिलेल्या लुई जाकोलियो या फ्रेंच माणसाने १८६९ साली 'भारतातील बायबल' या अर्थाचे नाव असलेल्या पुस्तकात कृष्णाचे 'जेझेयुस क्रिस्तना' करून टाकले. कोणत्या संस्कृत ग्रंथात कृष्णाला 'जेझेयुस' म्हटले आहे? एकाही नाही. मॅक्समुल्लरसारख्या संस्कृतज्ञांनी तेव्हाच ते पुस्तक मोडीत काढले. म्हणजे जे आज स्वदेशी संशोधन म्हणून डोक्यावर घेतले जाते, ते फ्रेंचांच्या घरगुती भांडणातले उष्टे आहे.

व्युत्पत्तीचे नियम पाश्चात्त्य म्हणून टाकून द्यावेत, तर आणखी एक अडचण उभी राहते. 'हिंदू' हे आपले नाव 'सिंधू'पासून आले, हे सावरकरांनी १९२३ साली 'हिंदुत्व' या ग्रंथात प्रतिपादिले. त्या प्रतिपादनाचा पाया कोणता? संस्कृतातील 'स'चा प्राचीन इराणी भाषेत 'ह' होतो, हा नियम. 'सप्त'चे 'हप्त', 'सोम'चे 'हओम', 'असुर'चे 'अहुर' आणि 'सिंधू'चे 'हिंदू'. एका शब्दाला नव्हे, शेकडो शब्दांना लागू पडणारा हा नियम आहे, म्हणून 'सिंधू-हिंदू' सिद्ध होते. 'कृष्ण' आणि 'ख्रिस्त' यांच्यामध्ये असा कोणता नियम आहे? संस्कृतातील 'ष्ण'चा ग्रीकमध्ये 'स्त' होतो, याची दुसरी चार उदाहरणे द्यावीत. देता येत नाहीत, कारण नाहीतच.

खऱ्या नात्याचे शब्द कित्येकदा एकमेकांसारखे दिसत नाहीत आणि एकसारखे दिसणारे शब्द नात्याचे नसतात. संस्कृत 'चक्र' आणि इंग्रजी 'व्हील' हे सख्खे चुलते आहेत, कानाला मात्र तसे वाटत नाही. उलट आपल्या मराठीतच 'काम करणे' यातील 'काम' हे 'कर्म'पासून आले आणि काम-क्रोधातील 'काम' हा वेगळा शब्द आहे. नाद एकच, कुळ निराळे. घरच्या भाषेत हे मानायचे आणि परक्या शब्दाशी गाठ पडली की विसरायचे, हे न्यायाचे नव्हे.

उलटणारे शस्त्र

येथपर्यंतचा विषय शब्दांचा झाला. परंतु या नादसाम्याने हिंदू समाजाचे जे प्रत्यक्ष नुकसान केले, तो इतिहास अधिक गंभीर आहे आणि तो महाराष्ट्रात घडला आहे.

नादसाम्य ही दुधारी तलवार आहे. 'ख्रिस्त हा कृष्णावरून आला' असे त्यावरून म्हणता येते, तसेच 'कृष्ण हा ख्रिस्तावरून आला' असेही म्हणता येते. आणि तसे म्हटले गेले. आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने १८६७ च्या सुमारास कृष्णजन्माष्टमीवर लिहिताना बाळकृष्णाच्या उपासनेत ख्रिस्ती प्रभाव पाहिला. १८६९ साली लोरिन्सर याने तर भगवद्गीतेतील वचने नव्या करारातून घेतली असल्याचा दावा केला. त्याहून बोचरी गोष्ट अशी की, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या थोर प्राच्यविद्यापंडितानेही १९१३ साली वैष्णव-शैव पंथांवरील आपल्या ग्रंथात असे अनुमान मांडले की, आभीर लोकांनी बाहेरून येताना ख्रिस्ताच्या बालपणाच्या कथा आणि कदाचित ते नावही आणले असावे. त्याला आधार काय दिला? गोवेकर आणि बंगाली लोक 'कृष्ण' या नावाचा उच्चार 'कुष्टो', 'क्रिष्टो' असा करतात, हा! म्हणजे ज्या नादाच्या जोरावर आज 'कृष्णनीती' उभी केली जाते, नेमक्या त्याच नादाच्या जोरावर गोकुळीचा बाळकृष्ण परका ठरविला जात होता. भांडारकरांचा अधिकार मोठा, त्यांची निष्ठा वादातीत. पण नादाच्या निसरड्या पायरीवर त्यांचाही पाय घसरला.

या आक्षेपांना उत्तरे कोणी आणि कशी दिली, हे पाहण्यासारखे आहे. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७५ साली गीतेच्या इंग्रजी पद्यानुवादाला जोडलेल्या निबंधात लोरिन्सरचा दावा मुद्देसूद खोडून काढला. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या परिशिष्टात गीता आणि ख्रिस्ती बायबल यांचा स्वतंत्र विचार केला. हेमचंद्र रायचौधुरी यांनी १९२० साली वैष्णव संप्रदायाच्या प्राचीन इतिहासावर लिहिताना ख्रिस्ती प्रभावाची कल्पना पुराव्यानिशी नाकारली. या विद्वानांनी प्रतिपक्षाच्या यमकाला यमकाने उत्तर दिले नाही. काळ, ग्रंथ आणि शिलालेख पुढे केले. म्हणूनच त्यांची उत्तरे टिकली.

आणि पुरावा काय थोडा आहे? पाणिनीच्या अष्टाध्यायीत वासुदेव आणि अर्जुन यांच्या भक्तांसाठी स्वतंत्र सूत्र आहे. छांदोग्य उपनिषदात देवकीपुत्र कृष्णाचा उल्लेख आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगास्थनीसने मथुरेच्या शूरसेनांच्या ज्या दैवताला आपल्या 'हेराक्लीस' या देवाचे नाव दिले, तो कृष्णच असे बहुतेक विद्वान मानतात. अफगाणिस्तानातील ऐ-खानूम येथे १९७० साली सापडलेल्या अगाथोक्लीस या ग्रीक राजाच्या, इ.स.पू. १८० च्या सुमाराच्या नाण्यांवर वासुदेव आणि संकर्षण यांच्या आकृती आहेत. विदिशेजवळ बेसनगरला तक्षशिलेहून आलेला ग्रीक राजदूत हेलिओदोरस याने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि त्यावर स्वत:ला 'भागवत' म्हणवून घेतले, तेही ख्रिस्ताच्या शंभरएक वर्षे आधी. आणि आपल्या महाराष्ट्रात, जुन्नरजवळ नाणेघाटात, सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखाच्या प्रारंभी इतर देवतांसमवेत संकर्षण-वासुदेवांना वंदन केलेले आहे. ही सारी साक्ष दगडावर आणि धातूवर कोरलेली आहे. विशेष म्हणजे, ज्या ग्रीकांनी भागवत धर्म स्वीकारला त्यांनी आपल्या दैवताला 'वासुदेव' याच नावाने संबोधिले. 'ख्रिस्तोस' म्हटले नाही. ज्याच्या घरी असे सोने आहे, त्याने पितळेला मुलामा देत का बसावे?

वादाची खरी जागा

या भ्रमाचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो आजच्या प्रश्नाला भिडणारा आहे. फसवणुकीने, आमिषाने होणाऱ्या धर्मांतराला हिंदू समाज विरोध करतो. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही. पण ख्रिस्ती धर्म ही 'कृष्णनीती'च असेल, तर धर्मांतराला आक्षेप कशासाठी घ्यायचा? कृष्णाच्या एका घरातून कृष्णाच्याच दुसऱ्या घरात कोणी गेला, तर बिघडले कोठे? धर्मप्रचारकाने नेमका हाच प्रश्न विचारला, तर तो संदेश पुढे पाठविणाऱ्याजवळ कोणते उत्तर आहे? भेद पुसण्याचे काम आजवर प्रचारकांनी केले. 'क्रिस्तपुराणा'त स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले गेले. अठराव्या शतकात पाँडिचेरीच्या फ्रेंच जेझुइटांच्या वर्तुळातून 'एझूर वेदम्' नावाचा बनावट वेद निघाला आणि व्होल्तेरसारखा चतुर माणूस त्याला फसला. १७८२ साली सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने तो वेद नसल्याचे उघड केले. बनावट वेदाचा निषेध करायचा आणि बनावट व्युत्पत्ती मात्र उराशी धरायची, हे कोणत्या नीतीत बसते?

वाद करायचाच तर त्याची जागा शब्दाच्या खऱ्या अर्थातच आहे. 'ख्रिस्ती' म्हणजे येशू हाच तो अभिषिक्त, ज्याचे वचन मिळाले होते तो एकमेव तारणहार, असे मानणारा. या एका विधानावर तो सारा विश्वास उभा आहे. हिंदू विचाराचा मतभेद आहे तो 'एकमेव' या शब्दाशी. अनेक मार्ग, अनेक दैवते, अधिकारभेदानुसार अनेक साधना मानणाऱ्या परंपरेला तो दावा मान्य होऊ शकत नाही. हा मतभेद प्रामाणिक आहे, जुना आहे आणि सभ्यपणे मांडता येण्याजोगा आहे. १८३१ च्या आगेमागे मुंबईत मोरभट्ट दांडेकरांनी जॉन विल्सन या मिशनऱ्याशी वाद केला तो सिद्धांतावर. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी जाहीर वादविवाद केले तेही सिद्धांतावरच. त्यांनी प्रतिपक्षाचा धर्म आपलाच असल्याचा बनाव केला नाही. तो वेगळा आहे असे मानले, समजून घेतला आणि मग त्याला प्रश्न विचारले. प्रतिपक्षाला त्याच्या नावाने ओळखणे हा वादाचा पहिला शिष्टाचार आहे. सोलापुरातील ख्रिस्ती माणसालाही आपल्या धर्माच्या नावाचा अर्थ आपल्या तोंडून सांगण्याचा हक्क आहे, जसा 'हिंदू' शब्दाचा अर्थ सांगण्याचा हक्क हिंदूंना आहे. त्या शब्दाविषयी परक्यांनी पसरविलेले निंदाव्यंजक अर्थ ज्यांना झोंबतात, त्यांनी दुसऱ्याच्या नावाशी खेळू नये.

हिंदू समाजाची नवी पिढी आज महाविद्यालयांत, विद्यापीठांत, परदेशांत जाते. तेथे तिच्या तोंडी 'कृष्णनीती' गेली, तर समोरचा पुस्तक उघडून दोन मिनिटांत ती खोटी ठरवील आणि मग त्याच तोंडून निघालेला बेसनगरचा गरुडध्वज आणि नाणेघाटाचा शिलालेखही हसण्यावारी नेईल. एका असत्याच्या संगतीने दहा सत्ये बदनाम होतात. म्हणून यंदाच्या डिसेंबरात तो संदेश आला, तर पुढे पाठविण्याऐवजी तेथेच पुसून टाकावा. मुलांना काही पाठवायचेच असेल, तर जुन्नरच्या घाटात नेऊन सातवाहनांच्या राणीने कोरविलेली ती अक्षरे प्रत्यक्ष दाखवावीत. भगवान श्रीकृष्णाला कोणाच्याही नावात शिरून मोठे व्हावे लागलेले नाही.